‘उत्पादन प्रणाली’ म्हणू नका. आणि पन्हळीकडे नीट बघा

सिस्टिम्स इंजिनिअरिंग, म्हणजे अनेक भाग जुळवून एक काम करणारी गोष्ट आखण्याचं शास्त्र; त्यातल्या ‘प्रॉडक्ट सिस्टिम’ला मराठीत ‘उत्पादन प्रणाली’ म्हणावं का, असा प्रश्न आला आहे. मुळीच म्हणू नये. प्रोजेक्ट रिपोर्टांत हे सर्रास दिसतं आणि दर वेळी खटकतं. ‘उत्पादन’ म्हटलं की मराठी कानाला माल बनवण्याची क्रिया ऐकू येते: कारखाना, कच्चा माल, पाळ्या. इथे अभिप्रेत आहे ती तयार होऊन वापरणाऱ्याच्या हाती पडणारी गोष्ट, तिच्यातल्या सॉफ्टवेअरसकट. लोकलचा रेक, म्हणजे डबे जोडून तयार झालेली अख्खी गाडी घ्या, तिकिटाचं मशीन घ्या. तिला ‘वस्तुप्रणाली’ म्हणा.

काहींचा राग ‘प्रणाली’वरच आहे. ‘सिस्टिम’ मूळ ग्रीक, अर्थ ‘एकत्र उभं केलेलं’, त्यातला धातू आणि आपला ‘स्था’ सख्खे, म्हणून पचनसंस्थेसारखं ‘संस्था’च हवं, प्रणाली म्हणजे नुसती नाली, असं ते बजावतात. व्युत्पत्ती बरोबर, सल्ला चुकीचा. मुंबईत ‘संस्था’ म्हणजे हाउसिंग सोसायटी. आणि ‘नुसती नाली’ म्हणणाऱ्यांनी पन्हळ निरखलेली दिसत नाही.

संस्कृत प्रणाल, प्राकृत पणाल, मराठी पन्हळ. शिवमंदिरात प्रदक्षिणा घालताना आपण ओलांडत नाही ती अभिषेकाच्या पाण्याची वाटही प्रणालच. आता चाळीच्या कौलांखालची पन्हळ बघा. दहा-बारा फुटांना इंचभर उतार, चार-चार फुटांच्या आत ब्रॅकेट, सांध्यावर वरच्या अंगाचा पत्रा आत आणि खालच्या अंगाचा बाहेर, टोकाला खाली उतरणारा पाइप. ब्रॅकेट वाकला की मध्ये झोळ पडतो, पाणी साचतं, पत्रा गंजतो. सांधा उलटा बसला की पहिल्याच पावसात भिंत ओली. पत्रा तोच, पण कौल, भिंत आणि पाइप यांच्याशी जुळला तरच ती पन्हळ. वस्तुप्रणालीची व्याख्या अशीच करायची: काम काय, हद्द कुठपर्यंत, भाग कोणते आणि हद्दीवर कोण भेटतं.

ही हद्दच हुकते. मुंबईची पहिली एसी लोकल २०१६ साली कुर्ला कारशेडला आली. मध्य रेल्वेवरच्या कमी उंचीच्या जुन्या पुलांखाली ती बसेना, म्हणून पश्चिम रेल्वेकडे गेली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली. पूल रेकचा भाग नव्हे, पण रेकच्या व्याख्येत त्याची उंची हवीच. कारशेड, चाचणीची साधनं, मोटरमनचं प्रशिक्षण, सुटे भाग ही रेक चालता ठेवणारी सहाय्यक मंडळी. त्यांची यादी वेगळी करा, पण करा.

पन्हाळगडाचं नावही याच ‘प्रणाल’च्या घराण्यातलं, असं माझं ठाम मत आहे. ‘पन्नगालय’, म्हणजे नागांचं घर, ही व्युत्पत्ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते; पण शिलाहार राजांच्या काळातलं ‘प्रणालक’ हे रूप समोर असताना नाग शोधत कशाला जायचं?