साटंलोटं चोरांचं की लग्नाचं?

सोन्या,

काल फोनवर तू विचारलेलं डोक्यातून जाईना, म्हणून म्युनिकहून हे सविस्तर लिहितेय. आजोबांबरोबर गुळाच्या सौद्याला गेलीस, चांगल्या रव्याचाही, म्हणजे गुळाच्या ढेपेचाही, भाव पडला, तेव्हा शेजारचे काका व्यापाऱ्यांबद्दल म्हणाले, "ह्यांचं साटंलोटं हाय." घरी येऊन शब्दकोश उघडलास, तर तिथं लग्न! दोन घरांनी एकमेकांच्या मुली सून म्हणून करून घेणं. मग खरं कुठलं?

दोन्ही खरं. साटं म्हणजे अदलाबदल, व्यवहार. आजोबांच्या कपाटात जमिनीचं 'साटेखत' आहे ना, त्यातलं साटं तेच. आमची मुलगी तुमच्या घरी, तुमची आमच्या घरी, हे साटंलोटं. देण्याघेण्याचा खर्च वाचायचा, घर ओळखीचं असायचं.

माझ्या माहेरीच झालंय हे. आजोबांची आत्या भोगावतीकाठच्या एका घरात दिली आणि त्याच घरची मुलगी आपल्याकडं आली. ती माझी आजी, म्हणजे तुझी पणजी. एकदा पणजोबांनी रागाच्या भरात तिला माहेरी धाडलं. तिसऱ्या दिवशी आत्या ट्रंक घेऊन आपल्या दारात! तिच्या संसारात भांडण नव्हतं, तिचं काही चुकलंही नव्हतं. महिन्यानं समेट झाला. दोघी एकाच दिवशी निघाल्या आणि कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवर भेटल्या. आजी सांगायची, "आमी एकमेकीला कुंकू लावलं आन् आपापल्या गाडीत बसलो. बोललो काय न्हाई."

माझ्या मते शब्दाची किल्ली इथंच आहे. दोन्ही घरांची एकेक मुलगी समोरच्याच्या हातात, म्हणून समोरच्याचं चुकलं तरी बोलायची सोय नाही. तू माझं झाक, मी तुझं झाकतो. दोन लबाड असेच एकमेकांच्या हातात सापडलेले असतात, म्हणून त्यांनाही हाच शब्द चिकटला असावा.

'संगनमत' यापेक्षा वेगळं. त्यात नुसतं आतून ठरवणं असतं, परतफेड असेलच असं नाही. पोलीस फिर्यादीत 'संगनमत करून' असं लिहितात. अनेकांनी समान उद्देशानं केलेल्या गुन्ह्याला १८६० च्या दंड संहितेत कलम ३४ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३(५) आहे. आपली म्हण मात्र कायदा सोडून पुन्हा नात्यावरच येते: चोर चोर मावसभाऊ.

पेपरात 'साटंलोटं' वाचलं की मला आधी ते स्टँड दिसतं. आजीची ट्रंक अजून माळ्यावर आहे. आजोबांना खाली काढायला सांग. झाकणाच्या आत तिनं खिळ्यानं आपलं माहेरचं नाव कोरलंय, हात फिरवलास की लागेल.

तुझी,
आई