गप्पीची पिल्ले जातात कुठे?

प्रश्न : काचेच्या 40 लिटरच्या टाकीत गप्पी पाळले आहेत. पाणी बोअरचे. मादी व्याली की सकाळी तीसेक पिल्ले दिसतात, संध्याकाळी चार-पाच उरतात. दर रविवारी टाकी रिकामी करून घासतो, तरी असे का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बोअरच्या पाण्याला बोल लावू नका, गप्पीला जड पाणी मानवते. पिल्ले खाल्ली जातात आणि खाणाऱ्यांत आईही असते. व्हेनेझुएला, त्रिनिदाद या मूळ मुलखात ती काठच्या गवतात लपतात. मोकळ्या टाकीत लपणार कुठे? जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळासारख्या वनस्पतीचे दोन-तीन झुबके किंवा हायड्रिला ही पाणवनस्पती सोडा.

मादीच्या गुदपराजवळचा, म्हणजे पोटाखालच्या मागच्या पराजवळचा डाग काळसर झाला आणि पोट चौकोनी दिसू लागले की वेत जवळ आले. तिला मॉस घातलेल्या 10-15 लिटरच्या वेगळ्या भांड्यात ठेवा आणि व्याल्यावर लगेच परत टाकीत सोडा. विणीची प्लॅस्टिकची डबी दुकानदार हमखास गळ्यात मारतात. तीत आठवडाभर कोंडलेली मादी घाबरून अपुऱ्या दिवसांची पिल्ले टाकते. पिल्लांना दिवसातून तीनदा चिमूटभर चुरलेले खाद्य पुरे. उकडलेल्या अंड्याचा बलक टाचणीच्या टोकाएवढाच द्या, उरला की पाणी नासते.

रविवारची घासाघीस मात्र बंद करा. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर असतात, ते धुऊन जातात. मग अमोनिया साठतो आणि उरलेली पिल्लेही दगावतात. आठवड्याला फक्त 10 लिटर पाणी बदला, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. डिसेंबर-जानेवारीत नवे पाणी टाकीइतकेच कोमट हवे.

महिन्याभरात नरांचा गुदपर काडीसारखा टोकदार होतो. तेव्हाच त्यांना वेगळे काढा, उशीर झाला तर उपयोग नाही. एकदा मीलन झालेली मादी शुक्राणू साठवून पुढे काही महिने नराशिवायही विते.

प्रश्न : जास्तीचे गप्पी जवळच्या ओढ्यात सोडले तर डास कमी होतील ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ओढ्यात नको, तो कृष्णेला मिळतो. परके गप्पी तिथे भराभर वाढून स्थानिक माशांची अंडी-पिल्ले खातात. वापराच्या पाण्याच्या, बाहेर न वाहणाऱ्या सिमेंटच्या हौदात आठ-दहा सोडा, डासांच्या अळ्या ते फस्त करतात. नळाचे ताजे पाणी एकदम भरू नका, क्लोरिनने मासे मरतात. पिण्याच्या टाकीला मात्र घट्ट झाकणच हवे.