जेवणानंतरचा हिशेब

प्रश्न : माझी एकोणीस वर्षांची मुलगी वर्षभरात खूप वाळली आहे. एक पोळी जास्त खाल्ली, तरी रात्रीपर्यंत ‘का खाल्ली? मी जाड दिसते का?’ हेच चालते. ‘नाही गं’ म्हटले की क्षणभर गप्प बसते आणि पुन्हा तेच विचारते. एवढ्या हुशार मुलीला हे कळू नये? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, हा कळण्या-न कळण्याचा प्रश्न नाही. खाण्याच्या विकारांत वजन, आकार आणि ‘मी चुकले’ हा विचार मन सतत उगाळत राहते. त्यातून उत्तर सापडेल असे तिला वाटते, आणि म्हणूनच ती थांबू शकत नाही. तुमच्या ‘नाही गं’ने मिळणारा दिलासा क्षणिक असतो, त्यामुळे तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची सवय पक्की होत जाते.

यात उपासमारीचाही वाटा मोठा असतो. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा त्यांच्या डोक्यात रात्रंदिवस अन्नच घोळू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. म्हणून ‘आधी मन सुधारू दे, मग जेवेल’ असे म्हणत थांबू नका. पोट भरू लागल्याखेरीज हे चक्र सैल होणे कठीण असते. (‘जरा बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनाही आवरा.)

या विकारांसाठीच्या बोधात्मक वर्तन उपचारात (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात) म्हणूनच नियमित जेवणापासून सुरुवात होते. विचार उगाळण्यावर उपचार करणारे तज्ज्ञ ‘मी अशी का?’ या अंत नसलेल्या प्रश्नाऐवजी ‘आत्ता नेमके काय झाले, पुढचे पाऊल कोणते?’ असा ठोस प्रश्न विचारायला शिकवतात. तुम्हीही ‘जाड दिसते का?’ यावर होय-नाही न म्हणता ‘तुला आत्ता फार त्रास होतोय ना?’ एवढेच विचारा आणि जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास तिच्यासोबत पत्ते, विणकाम अशा हात गुंतवणाऱ्या कामात घालवा. पहिल्या दिवसांत ती चिडेल, पण तरीही वाद घालू नका.

त्याआधी मात्र तिला डॉक्टरांकडे न्या. पाळी थांबणे, चक्कर येणे किंवा जेवून उलट्या काढणे यांपैकी काही असेल तर रक्तातील पोटॅशियम आणि ईसीजी तातडीने तपासावे लागतात, कारण पोटॅशियम घसरल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मानसोपचारतज्ज्ञ कुठे मिळतील, हे शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेत 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विचारता येते.