खुनी पहिल्याच वाक्यात कळला, तर पुढे वाचायचं काय?

तुम्ही लिहिलंय की बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचून मोठे झालात, मग अगाथा ख्रिस्ती वाचली, आणि आता मित्र मानसशास्त्रीय रहस्यकथा वाचायला सांगतोय. पण त्यात खुनी कोण हे आधीच कळतं, मग मजा काय राहिली? आणि वाचायच्याच तर सुरुवात कुठून करायची?

रूथ रेंडेलच्या 'अ जजमेंट इन स्टोन'पासून करा. १९७७ सालची छोटीशी कादंबरी आहे. पहिल्याच वाक्यात रेंडेल सांगून टाकते: युनिस पार्चमनने कव्हरडेल कुटुंबाला ठार मारलं, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. थोडं पुढे तारीखही देते. १४ फेब्रुवारी, चार माणसं, पंधरा मिनिटांत. कोणी, कोणाला, कधी, का, सगळं उघड. मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवलं होतं. मग दोन बैठकींत संपवलं.

युनिस ही इंग्लंडच्या खेड्यातल्या एका मोठ्या घरात कामाला राहिलेली बाई. काम एकदम चोख, घर लख्ख, मालकीण खूश. फक्त मालकीण कधीमधी चिठ्ठी लिहून ठेवते, हे कर, ते आण. तुमच्या-माझ्या दृष्टीने ते काहीच नाही. युनिसच्या पोटात मात्र ती चिठ्ठी बघून गोळा येतो. ती चष्म्याची सबब पुढे करते. घरातली माणसं भली, म्हणून ती चष्म्याच्या मागे लागतात, आणि तिची कोंडी आणखी वाढते. आपल्याला १४ फेब्रुवारी माहीत आहे, त्यांना नाही. मग साधा चहाचा प्रसंग वाचतानाही आपण मनात म्हणत राहतो, अहो, नका तिला काही वाचायला देऊ.

मला ही कादंबरी इतकी का लागली ते सांगते. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पोस्टमन आला की ती ओट्यावरूनच म्हणायची, "अगं, माझा चष्मा आत राहिला बघ, तूच वाच." मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा मी धावत आत गेले आणि चष्मा शोधायला लागले. कोनाडा पाहिला, देव्हारा पाहिला, उशीखाली पाहिलं. चष्मा नव्हताच. बाहेर येऊन तसं मोठ्याने सांगितलं, पोस्टमनसमोर. आजी काही बोलली नाही, पदर सारखा करत राहिली. तिचा तो चेहरा मला युनिसच्या पानापानांत दिसत होता. खुनी बाईची भीती वाटण्याऐवजी तिच्यासाठी भीती वाटायला लागली, आणि माझ्या मते या प्रकारच्या लेखनाची खरी ताकद ती आहे. खुनी कोण याचा धागा लेखिकेने आपणहून सोडून दिलेला असतो, त्यामुळे लाज एखाद्या माणसाला कुठवर नेते हे तिला शांतपणे दाखवता येतं.

एका गोष्टीवर मात्र माझं रेंडेलशी भांडण आहे. वाचता न आल्यामुळे युनिसची कल्पनाशक्ती आणि दुसऱ्याबद्दलचा जिव्हाळाच आटून गेला, असं ती सुचवते. हे मला अजिबात पटत नाही. आजीला जात्यावरच्या ओव्या किती पाठ होत्या याला गणती नाही, आणि गल्लीत कोणाची सून माहेरपणाला गेली नाही हे तिला सगळ्यांत आधी टोचायचं. लिहिता-वाचता न येणं वेगळं आणि ते जन्मभर लपवत एकटं राहणं वेगळं. युनिसचा घात त्या लपवण्याने केला, असं मी वाचते.

यानंतर पॅट्रिशिया हायस्मिथची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' घ्या, १९५५ सालची. न्यूयॉर्कमधल्या टॉम रिप्लीला एक श्रीमंत बाप इटलीला पाठवतो, माझ्या मुलाला समजावून परत आण म्हणून. सान रेमोच्या समुद्रात छोट्या मोटरबोटीवर टॉम त्याच मुलाला, डिकीला, वल्ह्याने मारतो. हे सांगून मी काही बिघडवलेलं नाही, खरी कादंबरी तिथून सुरू होते. टॉम डिकीचे कपडे घालतो, त्याच्या अंगठ्या घालतो, त्याची सही गिरवतो. दारावर थाप पडली की आपल्याच छातीत धस्स होतं. टॉम सुटावा असं मनापासून वाटत असल्याचं माझ्या ध्यानात आलं, तेव्हा मी खरंच चरकले.

दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) घाईने हातात घेऊ नका. मोठी आहे, सवड हवी. सहा भागांपैकी पहिल्याच भागाच्या शेवटी खून होऊन जातो आणि उरलेल्या भागांत खून करणारा रास्कोल्निकोव्ह स्वतःच्याच डोक्यात कोंडलेला असतो. वरच्या दोन कादंबऱ्या वाचून झाल्यावर ती जास्त भिडेल.

आणि रेंडेलच्या कादंबरीवर क्लोद शाब्रोलने १९९५ साली 'ला सेरेमोनी' हा फ्रेंच चित्रपट केला, तो पुस्तकानंतरच बघा. त्यात युनिसच्या जागची कामवाली झालेली नटी साँद्रीन बोनेर एकटीच चिठ्ठी हातात घेऊन अक्षरं लावायची धडपड करते. तिथे मी चित्रपट थांबवला आणि आईला फोन करून विचारलं, आजीने कधी चष्मा घेतला होता का गं? आई म्हणाली, "तिची नजर शेवटपर्यंत चांगली होती."