तोंड आलं म्हणून ब्रश बंद करू नका

ताई, ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) केमो सुरू झाल्यावर आठवड्याभरात मुलाचं तोंड आलं, हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश थांबवला, असं तुम्ही लिहिलंय. रक्त बघून हात थांबणारच. तरी आपल्या मनाने ब्रश बंद करू नका. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात बरीच वर्षं नर्सचं काम करतेय, म्हणून आग्रहाने सांगते.

केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि तोंडाच्या आतली त्वचा त्यातच सापडते. मेथोट्रेक्झेटसारख्या औषधानंतर साधारण ५ ते १० दिवसांत तोंड सोलवटतं. पांढऱ्या पेशी वाढू लागल्या की बहुतेक वेळा २-३ आठवड्यांत भरून येतं. खरी काळजी मधल्या दिवसांची. प्रतिकारशक्ती तळाला गेलेली असते आणि हिरडीवर साचलेल्या थरातले जंतू जखमेतून थेट रक्तात जाऊ शकतात. म्हणून अगदी मऊ ब्रश कोमट पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फारच कमी असतील तर डॉक्टरांना विचारून तेवढ्यापुरतं ओलं गॉझ (जखमेवर लावायचं जाळीदार कापड) वापरा. खाल्ल्यावर मिठाच्या पाण्याच्या चुळा. अल्कोहोलचा माउथवॉश नको, आणि बधिर करणारं जेल विचारल्याशिवाय मुळीच नको, लहान मुलांना ते घातक ठरू शकतं.

रोज टॉर्च लावून ओठांच्या आत, गालात, जिभेखाली बघा. पांढरा थर पुसून निघाला आणि खाली लालभडक दिसलं, तर बहुधा बुरशी. त्यावरच्या पातळ औषधात बऱ्याचदा साखर असते. ते तोंडात राहायला हवं म्हणून लगेच चूळ नको, पण अर्ध्या तासाने दात पुसून घ्या.

दोन्हीकडच्या दाढा दुखतात पण कीड दिसत नाही, हे व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधामुळेही होतं. ते नसांवर परिणाम करतं. कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर चांगला दात उगाच काढला जायचा. हलणारा दुधाचा दात ओढू नका, आपोआप पडू दे. काही काढायचंच असेल तर कॅन्सरच्या आणि दातांच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी रक्ताचे आकडे बघून ठरवावं. प्लेटलेट ७५,००० च्या खाली असतील तर वेगळी तयारी लागते.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

उपचार लहान वयात झाले असतील तर कायमचे दात छोटे, आखूड मुळांचे येऊ शकतात, एखादा येतही नाही. त्यामुळे कुठली औषधं, किती रेडिएशन दिलं याचे कागद जपून ठेवा आणि पुढे दात सरळ करायला तारा लावायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांना आधी ते दाखवा.