ट्रेनला सोगा म्हणावं, पण 'बसल'ला?

प्रश्न असा आहे: चर्चमधल्या लग्नात नवरीच्या गाऊनची मागे लोळणारी 'ट्रेन' समारंभानंतर उचलून गाऊनलाच अडकवतात, त्याला इंग्रजीत 'बसल' म्हणतात. या दोन्हींना मराठी शब्द काय? 'शेपूट' आणि 'काष्टा' चालतील का?

ट्रेनसाठी शब्द तयारच आहे: सोगा. धोतराचा सोगा, फेट्याचा सोगा आपण म्हणतोच. नेसून उरलेला, मोकळा लोंबणारा भाग तो सोगा. 'पायघोळ' इथे अपुरा पडतो, कारण पायघोळ गाऊन पावलांपर्यंत येऊन थांबतो. सोगा त्याच्या पुढे जमिनीवर पसरतो. 'शेपूट' नवरीला ऐकवून बघा!

काष्टा मात्र नाही. काष्टा दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचतात. इथे पायांमधून काही जात नाही आणि खोचलंही जात नाही. म्हणून 'खोचणे' हे क्रियापदही बाद. नुसतं 'सोगा उचलणे' म्हटलं तर हाताने धरणंही त्यात येतं. ब्रिटनच्या राजकुमारी डायनाच्या १९८१ मधल्या लग्नातला २५ फुटी सोगा मागून सावरायला करवल्याच लागल्या.

माझं मत, नाम शोधत बसू नये. क्रियापदाने काम भागतं. कारण प्रकार मुळात दोन आहेत. एकात सोग्याच्या मधोमध लावलेला दोऱ्याचा फास वर ओढून कमरेजवळच्या छोट्या गुंडीत घालतात, घडी बाहेर दिसते. हे 'वरून अडकवणे'. दुसऱ्यात आतल्या बाजूला वर-खाली फितींच्या जोड्या असतात. त्या बांधल्या की कापड आत दुमडून फुगा येतो. हे 'आतून बांधणे'. वसईच्या किंवा गोव्याच्या शिंप्याला 'सोगा पाच ठिकाणी आतून बांधता येईल असा करा' म्हटलं, तर आणखी काही समजावावं लागू नये. फक्त फितींच्या प्रत्येक जोडीला वेगळा रंग किंवा आकडा द्यायला सांगावं. नाहीतर करवली घेराखाली शिरून डावी फीत उजवीला बांधते आणि घेर तिरका लटकतो.

हलका, आखूड सोगा एका फासावर राहतो. जड सॅटिनच्या लांब सोग्याला तीन-पाच किंवा जास्त जागा लागतात, कारण वजन वाटलं गेलं नाही तर फास तुटतो. त्याहून वाईट म्हणजे नुसत्या लेसवर शिवलेली गुंडी लेस फाडून निघते. गुंडीचा टाका अस्तरापर्यंत जायला हवा, मागे पट्टीचा तुकडा देऊन. माप लग्नातलेच बूट घालून घ्यावं. सोगा अडकवल्यावर मागची कड जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटर वर हवी. नाचताना ती थोडी उतरतेच. फास बारीक गुंडीत घालायला क्रोशाची सुई सोबत ठेवतात.

'बसल' तसाच ठेवला तर दोन घोटाळे होतात. एकोणिसाव्या शतकात स्कर्ट मागून फुगवायला कमरेखाली बांधायच्या गादीला किंवा सांगाड्यालाही बसलच म्हणत. आणि दुसरा आपला घरचा: 'गाऊन बसला' म्हणजे आपल्याकडे गाऊन अंगाला नीट झाला. 'बसल नीट बसला नाही' हे वाक्य शिंप्याला फोनवर सांगून पाहावं.