माळावरचे मातीचे नमुने घेताना

चराईबंदी होऊन चार-पाच वर्षं झालेल्या माळावर नमुने घेणार आहेस ना? मग शेतातल्यासारखी सगळी माती एका घमेल्यात कालवू नकोस. सरासरी मिळेल, फरक बुडेल. माथ्यावर मुरूम उघडा, पायथ्याशी गाळ. पायथ्याशी सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत आलेला कार्बन) सहसा जास्तच निघतो. पण हुरळू नकोस, त्यातला बराचसा वरून वाहून आलेला असतो. समतल चरात (उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरात), त्यातून निघालेल्या मातीच्या भरावावर आणि दोन चरांमधल्या पट्ट्यात वेगवेगळं खण. बोर-बाभळीच्या बुंध्याशी एक, सावलीबाहेर एक. खोली सगळीकडे 0 ते 15 सेंमीच. चाळल्यावर उरलेल्या गोट्यांचं वजनही लिही, नाहीतर गोटेही माती म्हणून धरले जातात आणि हेक्टरी कर्बाचा हिशेब फुगतो (माझा फुगला होता!). आणि प्रत्येक खड्ड्याचं जीपीएस तिथल्या तिथे नोंदव.